दही-साखर हातावर, भरतीची तारीख वाऱ्यावर

२०२४ च्या जून महिन्यातली गोष्ट. मंगळवारची पहाट. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी आम्ही गाडी थांबवली होती. नुकताच पाऊस होऊन गेलेला. रस्ता ओला. अंधारातून पाच-सहा पोरे चालत आली. केस बारीक कापलेले, पोटऱ्या टणक, अंगात एकसारखे बनियन. पोलीस भरतीची पोरे म्हणून लांबूनच ओळखू यावीत अशी. त्यातल्या एकाने पळायचे बूट नाडीने बांधून गळ्यात अडकवले होते आणि तो अनवाणी चालत होता.

मी विचारले, "अरे, बूट गळ्यात कशाला? पायात घाल की."

तो हसला. "न्हाई काका, नवस हाय. भरतीआधी आईच्या दर्शनाला अनवाणी येतो म्हणून बोललोय."

"मैदानी कधी आहे?"

"शनिवारी."

मंगळवार ते शनिवार, मध्ये फक्त चार दिवस. मी त्याच्या पायाकडे बघितले. उजव्या टाचेला फोड येऊन फुटला होता. मागून पिशवी घेऊन त्याचे वडील येत होते. त्यांना म्हटले, "पाव्हणं, पोराला चार दिवसांनी पळायचंय. पायाला जपायला नको का?" त्यावर ते म्हणाले, "आवं, आईच्या मनात आलं तर फोडाचं काय घेऊन बसलाय?"

वाचकहो, त्या पोराचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आज मात्र या विषयावर जरा मोकळेपणी बोलावे म्हणतो. नोकरी शोधणाऱ्या पोराच्या घरात सध्या दोन तयाऱ्या चालतात. एक अभ्यासाची आणि पळण्याची, दुसरी देवाची आणि शकुनाची. या दुसऱ्या तयारीबद्दल पेपरात कुणी फारसे लिहीत नाही. लिहिलेच तर चेष्टेने लिहितात. मला चेष्टा करायची नाही. कारण ती तयारी माझ्याही घरात झालेली आहे.

घरोघरी तीच वाटी

तुमच्या घरातले आठवून बघा. पोरगा किंवा पोरगी परीक्षेला निघाली की आई देवापुढे दिवा लावते. हॉलतिकीट देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळद-कुंकू लागते. पेन मारुतीच्या पायाला लावून आणलेला असतो. मग तळहातावर दही-साखर. ती चाटून खायची, हात धुवायचा, मोठ्यांच्या पाया पडायचे आणि उजवा पाय आधी बाहेर टाकायचा. पाठीमागून हाक मारायची नाही. "कुठं निघालास?" असे तर मुळीच विचारायचे नाही. कुणी विचारलेच तर ते पोरगे पुन्हा घरात येऊन घोटभर पाणी पिऊन निघते.

याच्यापुढे पायऱ्या चढत जातात. मंगळवारचा उपास. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ. गणपतीला एकवीस मोदक. गुरुवारी दत्ताला पेढे. कुलदैवताला खेटे. पुण्यात अभ्यासाला राहिलेली पोरे परीक्षेच्या आदल्या दिवशी दगडूशेठच्या रांगेत दिसतात. मुंबईत मुलाखत असली की सिद्धिविनायकाला जाऊन यायचे हे ठरलेले. आणि शेवटची पायरी म्हणजे नवस. "नोकरी लागू दे, तुला पायी येईन, साडी-चोळी करीन, पहिला पगार वाहीन."

दही-साखरेला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. पण वरच्या एकेका पायरीला दिवस जातो, पैसा जातो, कधी अंगातली ताकद जाते. कोणत्या पायरीवर थांबायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमच्या घरचा शुक्रवार

आता माझेच सांगतो. १९९३ साल. पदवी हातात होती आणि खिशात सेवायोजन कार्यालयाचे कार्ड. त्या वेळी गावात भेटेल तो एकच विचारायचा, "कॉल आला का?" कार्डाचे नूतनीकरण करायला तालुक्याहून जिल्ह्याला जायचे, दिवसभर रांगेत उभे राहायचे, शिक्का मारून घ्यायचा आणि शेवटच्या एसटीने परत यायचे. हाही एक खेटाच होता म्हणा ना.

आईने माझ्यासाठी संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरले होते. १९७५ साली तो सिनेमा आला आणि पुढे कित्येक वर्षे हे व्रत घराघरांत राहिले. शुक्रवारी गूळ-फुटाण्याचा नैवेद्य आणि आंबट वर्ज्य. त्या दिवशी आमच्या आमटीत चिंच पडायची नाही, ताक घुसळायचे नाही, लिंबाला हात लावायचा नाही. वडील मुकाट्याने गोडी आमटी ओरपायचे.

अखेर कॉल आला. कारकुनाच्या जागेची मुलाखत. आणि तारीख बघतो तर शुक्रवार!

सकाळी घरात वाद पेटला. आजीने दह्याची वाटी आणली. म्हणाली, "पोरगं कामाला निघालंय, हातावर दही पडलंच पाहिजे." आईने वाटी हिसकून घेतली. म्हणाली, "आज शुक्रवार हाय, आंबट चालत न्हाई. नऊ शुक्रवार पाण्यात जातील." दोघी हटेनात. मी दारात उभा, एसटीची वेळ झालेली. शेवटी वडिलांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "जा तू. ह्यांचं संध्याकाळपर्यंत चालंल."

नोकरी काही मिळाली नाही. पुढे किती तरी दिवस आजी म्हणत राहिली, "दही दिलं असतं तर लागली असती." आणि आई म्हणत राहिली, "आजीनं शुक्रवारी दह्याची वाटी बाहेर काढली म्हणून बिनसलं." त्या एका जागेसाठी मुलाखतीला किती जण आले होते हे दोघींपैकी एकीनेही मला विचारले नाही. मी मोजले होते. व्हरांडा भरून पोरे खाली जिन्यापर्यंत उभी होती.

पुढे मी दुसऱ्या वाटेने पोटाला लागलो. बऱ्याच वर्षांनी आईला सहज म्हटले, "तुझे शुक्रवार काही फळले नाहीत." ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवी काय नोकऱ्या वाटत बसती व्हय? तू दिवसभर भिंतीकडं बघत बसायचास. मला दुसरं काय करता येत होतं?"

वाचकहो, त्या दिवसापासून मी नवसाला हसत नाही. इंग्रजीतला अर्ज आईला वाचता येत नव्हता. साहेबाला भेटता येत नव्हते. तिच्या हातात होते ते तिने केले. तळहातावरची दही-साखर म्हणजे आईचे "जा बाळा, मी आहे" हे म्हणणे असते. ते वाक्य तोंडाने बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून ते वाटीतून येते.

हे आपल्याच गावात आहे असे नाही

कुणी म्हणेल, हा अडाण्यांचा उद्योग. तसेही नाही. हैदराबादजवळ उस्मानसागर तलावाच्या काठी चिलकूरच्या बालाजीचे देऊळ आहे. त्याला लोक 'व्हिसा बालाजी' म्हणतात. परदेशात नोकरीला जायचे म्हणून इंजिनिअर झालेली, संगणकावर बसणारी मुले तिथे अकरा प्रदक्षिणा घालतात आणि काम झाले की एकशे आठ घालायला परत येतात. त्या देवळाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे दानपेटी नाही आणि पैशावाल्यांसाठी वेगळी रांगही नाही. पंजाबात जालंधरजवळ तल्हणच्या गुरुद्वाऱ्यात परदेशी जाऊ इच्छिणारे लोक वर्षानुवर्षे खेळण्यातली विमाने वाहत आले.

जपानसारख्या पुढारलेल्या देशातही हेच. तिथे तेन्जिन हा विद्येचा देव. नवव्या शतकात होऊन गेलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वानालाच पुढे देव मानले गेले. त्याच्या देवळात मुले लाकडाच्या छोट्या पाटीवर आपली इच्छा लिहून टांगतात. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आधी 'कात्सुदोन' नावाचा पदार्थ खातात. भातावर तळलेल्या मांसाचा तुकडा, एवढाच तो पदार्थ. पण 'कात्सु' या शब्दाचा दुसरा अर्थ जिंकणे. किटकॅट चॉकलेटचे नाव तिथल्या 'कित्तो कात्सु', म्हणजे 'नक्की जिंकणार', या शब्दांसारखे ऐकू येते, म्हणून परीक्षेला निघालेल्या पोरांना ते भेट देतात.

दक्षिण कोरियात 'योत' नावाची चिकट मिठाई देतात. ती जशी चिकटते तसे पोरगे पास होऊन कॉलेजला चिकटावे! आणि समुद्री शेवाळाचे सूप त्या दिवशी वर्ज्य, कारण ते बुळबुळीत, खाल्ले तर पोरगे घसरेल. आमची आजी तिथे असती तर तिला एकदम घरच्यासारखे वाटले असते.

पण फरक कुठे आहे तो बघा. कोरियातल्या कॉलेज प्रवेशाच्या त्या परीक्षेचा दिवस आधीपासून ठरलेला असतो. इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना आवाजाने पोरांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून देशभर विमानांचे उड्डाण आणि उतरणे तेवढ्यापुरते थांबवले जाते. जपानात कॉलेजातून बाहेर पडणारी बहुतेक मुले १ एप्रिलला कामावर रुजू होतात आणि त्याच्या आधीचा सगळा क्रम सर्वांना माहीत असतो. तिथली आई मिठाई चिकटवते, पण सरकार तारीख पाळते. आपल्याकडे आई दही-साखर देते आणि तारीख वाऱ्यावर असते.

जिथे भरवसा नाही तिथे नवस

मालिनोवस्की नावाचे एक मोठे मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पॅसिफिक महासागरातल्या ट्रॉब्रिअंड बेटांवर जाऊन राहिले. तिथल्या कोळ्यांची एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. बेटाच्या आतल्या उथळ, शांत पाण्यात मासे धरायला जाताना हे कोळी कसलाही मंत्रतंत्र करत नसत. तिथे मासा मिळणार याचा भरवसा होता. पण तेच कोळी खुल्या समुद्रात निघाले की सगळे विधी यथासांग व्हायचे. माणसे तीच, फक्त पाण्याचा भरवसा बदललेला.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. विहिरीला पाणी असले तर कोण धोंडी मागत फिरतो? पाऊस ओढ देतो तेव्हाच डोक्यावर कडुनिंबाचा पाला घेऊन पोरे "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार येतात. बागायतीला कालव्याची पाळी लागते आणि कोरडवाहूला देव लागतो.

आता नोकरभरतीचे पाणी किती खोल आहे ते बघा. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांच्या वर. एका जागेला दोनशेहून जास्त. खुल्या गटाला फी १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९०० रुपये. शेतमजुराच्या घरात हजार रुपये म्हणजे किती दिवसांची मजुरी होते, ते तुम्हीच मोजा. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागा आणि साडेसतरा लाखांवर अर्ज. म्हणजे एकामागे शंभर. त्या शंभरातले नव्व्याण्णव आळशी नसतात हो! त्यातले पाच-दहा जण तरी तोडीस तोड असतात. मग एक घेतला जातो आणि बाकीचे घरी येतात. का घेतला, का राहिलो, हे कुणी नीट सांगत नाही. अशा वेळी "नशीब" हा एकच शब्द उरतो आणि नशिबाचा धंदा तिथेच सुरू होतो.

त्यातून तारखांचा खेळ. राज्यसेवेची २०२४ ची पूर्वपरीक्षा आधी २८ एप्रिलला ठरली होती. ती पुढे ढकलत ढकलत १ डिसेंबरला झाली. प्रत्येक वेळी कारण होते, नाही असे नाही. पण पुण्यात खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरून बसलेल्या पोराला कारण खायला मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तर म्हाडाची भरती परीक्षा ऐन आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. पोरे एसटीने, रेल्वेने केंद्राच्या गावी पोहोचली होती. कुणी स्टँडवरच झोपले होते. त्यांच्या आयांनी दही-साखर दिलीच होती ना? त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले. जिथे पेपर फुटतो तिथे रात्रीचा दिवस करून अभ्यास केलेल्या पोराने कशावर विश्वास ठेवायचा? तो देवळात गेला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

देवळाच्या पायरीवर कोण बसले आहे?

एवढे समजून घेतल्यावर मग दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नवसाला हसू नये हे खरे, पण नवसाच्या वाटेवर लुटारू बसलेले असतात हेही तितकेच खरे.

एसटीत, बाजारात, भिंतीवर जाहिराती बघा. 'नोकरी, लग्न, कोर्टकचेरी, शंभर टक्के खात्री.' खडा घ्या, यंत्र घ्या, ताईत घ्या. अशा बाबाकडे एकदा पोरगे गेले की दर खेपेला नवा विधी निघतो. आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर तो अमलात आला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, लुबाडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना मात्र त्या कायद्याने हात लावलेला नाही. श्रद्धा कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते याची रेघ कायद्यानेच ओढून दिलेली आहे. ती प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी.

बाबापेक्षाही मोठा लुटारू म्हणजे दलाल. "मंत्रालयात आपला माणूस हाय, एवढे द्या, काम झालं समजा." या एका वाक्यावर माणसे जमीन गहाण टाकतात. माझे म्हणणे तुम्हाला जरा कडू लागेल, पण सांगतो. निकाल आपल्या गुणांवर लागत नाही, वरून कुणीतरी लावतो, असे एकदा मनात बसले की मग तो 'वरचा' देव आहे की दलाल, याची निवड करणे सोपे राहत नाही. पोरगे देवळात बसलेले असते तोवर ठीक. पण तिथल्याच पायरीवर कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर ते उठून त्याच्या मागे जाते. आणि हो, २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या खालच्या वर्गाच्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या आहेत. त्या नोकरीच्या मुलाखतीत 'आपला माणूस' बसवून देतो म्हणणारा सरळ सरळ थापा मारतो आहे.

शुभ काय आणि पोटाला काय

आता खाण्याचे. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक. मैदानीला ५० गुण. १,६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत पळाले तर त्यातले पूर्ण २० गुण. दोन-चार सेकंदांवर माणसाचे आयुष्य फिरते. आणि आपली पोरे आदल्या दिवशी उपास धरतात! का तर वार मंगळवार, किंवा शनिवार, किंवा एकादशी. दिवसभर साबुदाणा नाहीतर नुसता चहा, रात्री एसटीचा प्रवास, फूटपाथवर झोप आणि पहाटे पळायला उभे.

हा प्रश्न नुसत्या गुणांचा नाही, जिवाचा आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावेत काही तरुण मुले दगावली. त्यानंतर धावेचे अंतर कमी केले गेले. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेत दहाच्या वर मुले गेली. ऊन, दमणूक, उपाशी पोट, अंगातले पाणी कमी होणे आणि कुणी दिलेली ताकदीची गोळी-इंजेक्शने, यातले काहीही जिवावर बेतू शकते.

तेव्हा आयांनो, हात जोडून सांगतो. उपास धरायचाच असेल तर तुम्ही धरा, पळणाऱ्या पोराला धरायला लावू नका. आदल्या रात्री ज्वारीची भाकरी, वरण-भात, नेहमीचे साधे जेवण द्या. तेलकट, मसाल्याचे, बाहेरचे नको. पळायच्या दोन-तीन तास आधी केळे, गूळ-पोळी असे हलके काही तरी पोटात असू द्या. पाणी घोट घोट दिवसभर पिऊ द्या. संतोषीमातेच्या नैवेद्याचे गूळ-फुटाणे हा पळणाऱ्याचा उत्तम खुराक आहे. तो शुक्रवारी एका वाटीत ठेवण्यापेक्षा सहा महिने रोज मूठभर पोराच्या खिशात घाला. पळताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचे, हे त्याला आधीच बजावून ठेवा. भरती पुन्हा निघते. पोरगे पुन्हा मिळत नाही.

दही-साखर जरूर द्या. चमचाभर दह्याने पळणाऱ्याचे काही बिघडत नाही आणि त्याचे मन थाऱ्यावर येते. मन थाऱ्यावर असणे ही काही कमी गोष्ट नाही.

गावाने काय करावे, सरकारने काय करावे

गाडगेबाबांचे नाव आपण सगळेच घेतो. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, देवाच्या नावाने उधळू नका, असे ते गावोगाव कीर्तनातून बजावत फिरले. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, बेकाराला रोजगार आहे आणि निराश झालेल्याला हिंमत देणेही आहे. शेवटची ही दोन कलमे आज प्रत्येक गावाच्या वेशीवर लिहून ठेवावीत अशी आहेत.

प्रत्येक गावात जत्रा होते, वर्गणी गोळा होते, देवळाचा जीर्णोद्धार होतो. त्या वर्गणीतला थोडा हिस्सा काढून पोरांना पळायला सपाट मैदान, गोळा फेकायला जागा आणि रात्री दहापर्यंत दिवा चालू राहील अशी एक खोली देता येणार नाही का? देवळाच्याच सभामंडपात अभ्यासिका चालू द्या. देवाला त्याचा राग येणार नाही. गावातले जे कोणी पोलिसात, सैन्यात, शिक्षकीत लागले आहेत, त्यांनी सुट्टीवर आल्यावर पोरांना दोन तास द्यावेत. पोरींसाठी तर हे जास्तच हवे. पहाटे रस्त्यावर एकट्या पळणाऱ्या पोरीला काय काय ऐकावे लागते ते तिलाच माहीत. तिच्यासाठी गावचे मैदान हाच मोठा आधार आहे.

आणि सरकारला एकच मागणे. भरतीची तारीख एकदा जाहीर केलीत की पाळा. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षभराचे वेळापत्रक आधी छापतो आणि बहुतेक वेळा पाळतो. मग राज्याला जिल्हा पातळीवरच्या भरत्यांना ते का जमू नये? पळण्याच्या परीक्षा पावसाळ्यात आणि रणरणत्या उन्हात नकोत. केंद्र जवळच्या जिल्ह्यात द्या. मैदानावर पाणी, डॉक्टर आणि रात्री मुक्कामाला छप्पर द्या. कोण कुठे किती गुणांनी राहिला ते स्पष्ट लिहून द्या. पोराला जर कळले की आपण गोळाफेकीत तीन गुणांनी राहिलो, तर ते उद्यापासून गोळा फेकील. नाहीतर ते खडा घ्यायला जाईल.

आतल्या शांत पाण्यात कोळी मंत्र म्हणत नव्हता हे विसरू नका. भरतीचे पाणी शांत करा, नवस आपोआप कमी होतील. त्यासाठी वेगळे प्रबोधन करायला लागणार नाही.

तर त्या पोराचे काय झाले?

त्या दिवशी टपरीवर त्याचा नंबर घेऊन ठेवला होता. दोन आठवड्यांनी फोन केला. पावसाने त्यांची मैदानी पुढे गेली होती आणि नवी तारीख येऊन तो पळूनही आला होता. म्हणाला, "काका, टाच भरली न्हवती. फोडात पाणी गेलं अन् पिकलं. शेवटच्या फेरीला पाय टाकवंना."

"मग?"

"राहिलो. थोड्यात राहिलो."

मी काही बोलणार तोच फोन त्याच्या वडिलांनी घेतला. त्यांचा आवाज पडलेला होता, पण निश्चय पक्का होता. म्हणाले, "साहेब, नवसच कमी पडला बघा. पुढच्या खेपेला पोराला दंडवत घालत नेतो."

मला काय बोलावे ते सुचले नाही. टाच पिकली म्हणून पोरगे राहिले आणि बापाच्या हिशेबात देवीचे देणे वाढले. दंडवत घालून गुडघे सोलले की पुढच्या भरतीत त्याचा हिशेब कुणाच्या नावे मांडायचा?

वाचकहो, तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असा एखादा पोरगा नक्की असेल. पुढची भरती निघेल तेव्हा त्याच्या बापाला एवढेच सांगा. देवीला जायचे असेल तर निकाल लागल्यावर जा, एसटीने जा, जमेल तेवढ्याच खर्चात जा. लागला तर पेढे घेऊन जा, राहिला तर पोराला धीर द्यायला घेऊन जा. आई कुठे पळून जात नाही. पण भरतीच्या आधी त्याच्या पायात चपला राहू द्या, पोटात भाकरी राहू द्या, आणि घरातून निघताना हातावर दही-साखर द्यायला विसरू नका.